आवाज भावजयीचा, प्रश्न अक्कांचा

दुपारची वेळ होती. जळगावच्या आमच्या घरात मागची खोली त्यातल्या त्यात शांत, म्हणून पंखा बंद करून आणि खिडकी लावून घेऊन मी तिथे बसले होते. अक्कांनी आदल्या दिवशी पाठवलेल्या चार ओळी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या होत्या. कागदावर उतरवून घेतलेल्या त्या ओळी मी बोलायला सुरुवात केली... "बिस्कीट उघडं राहिलं की मऊ पडतं. भाकरी उघडी राहिली की कडक होते. घर तेच, हवा तीच. मग..." एवढं झालं आणि त्याच मोबाइलवर फोन आला. रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. धुळ्याहून, अक्कांच्या शेजारच्या वंदनाताई बोलत होत्या. आधी त्या नुसत्याच रडल्या. मग म्हणाल्या, "माधुरीताई, तुम्ही दोघं लगेच निघा." मी विचारलं, "दवाखान्यात न्यायचंय का?" त्या म्हणाल्या, "नाही हो... आता कुठे न्यायचं नाही." जेवून अक्का जरा आडव्या झाल्या होत्या, आणि तशाच गेल्या.

अक्का म्हणजे माझ्या नणंद, यांच्या थोरल्या बहीण. नाव सुलभा, पण घरात, शाळेत आणि पुढे मोबाइलवर त्यांना बघणाऱ्या पोरांमध्येही त्या अक्काच राहिल्या. धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर विज्ञानाच्याच धड्यांचे व्हिडिओ केले. शेवटच्या काळात त्यांना आवाज नव्हता. घशाच्या आजारात स्वरयंत्र काढावं लागलं होतं. त्यामुळे धड्याच्या सुरुवातीच्या ओळी त्या लिहून पाठवायच्या आणि मी त्या बोलायचे. आजार परत उलटला होता हे आम्हाला ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात त्यांना जळगावला घेऊन यायचं ठरलंही होतं, त्यांच्यासाठी खोली आवरून ठेवली होती. इतक्या लवकर काही होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. गाडीने आम्ही निघालो आणि पारोळा ओलांडला. यांचं आणि अक्कांचं गाव तिथून आत थोड्याच अंतरावर. तो फाटा आला तेव्हा यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी चोपड्याची. माहेरी केळीची बाग. लग्न होऊन या घरात आले तेव्हा लोकांनी सांगितलं होतं की थोरली नणंद मास्तरीण आहे, लग्न केलेलं नाही, स्वभावाने कडक आहे, जपून राहा. पहिल्याच दिवशी सगळ्या बायका मला स्वयंपाक काय येतो, भरतकाम येतं का, असलं विचारत होत्या. अक्का कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "केळीच्या बागेत वाढलीस ना? मग सांग, एक केळं पिकलं की शेजारची कच्ची केळीही भराभर का पिकतात? त्याने त्यांना काय सांगितलं?" मी जन्मभर केळी बघितलेली, पण हे कधी मनात आलं नव्हतं. अक्कांनी उत्तर सांगितलंच नाही. उठून पाणी प्यायला गेल्या. मला इतका राग आला होता की रात्रीच्या जेवणातही लक्ष लागेना, आणि राग कशाचा म्हणावा तर उत्तर कळत नाही याचा. ते उत्तर मला दिवाळीला मिळालं, तेही मीच विचारलं तेव्हा. पिकणाऱ्या केळ्यातून एक वायू निघतो, तो बाकीच्यांना पिकवतो. अक्का म्हणाल्या, "एवढे दिवस लक्षात ठेवलंस ना? आता मरेपर्यंत विसरणार नाहीस." तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांनी लग्न का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे यांना, गावाहून धुळ्याला आणून शिकवलं, एवढं मला माहीत होतं. हे अक्कांशी अहिराणीतच बोलायचे. माझ्याशी, कचेरीत, बाहेर सगळीकडे चांगली शुद्ध मराठी, आणि धुळ्याच्या घराचा उंबरा ओलांडला की "अक्का, काय करी राह्यनी?" त्या घरात गेलं की यांचं वय कमी व्हायचं.

अक्कांची निवृत्ती आणि टाळेबंदी एकदमच आली. त्यांचा शेवटचा दहावीचा वर्ग तसाच राहिला. निरोप समारंभ नाही, हातात फुलं नाहीत, एक दिवस शाळा बंद झाली ती बंदच. अक्कांना ते फार लागलं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर मोबाइल टेकवून त्यांनी त्या मुलींसाठी धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. पहिला व्हिडिओ मी पाहिला होता. "नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आजच्या या व्हिडिओमध्ये आपण बाष्पीभवन या घटकाची माहिती घेणार आहोत." मला त्यात काही खटकलं नाही, सगळ्यांचेच व्हिडिओ असे सुरू होतात. दोन दिवसांनी अक्कांनी एका विद्यार्थिनीला फोन करून विचारलं, बघितलास का गं? ती मुलगी खरं बोलणारी होती. म्हणाली, "अक्का, तुम्ही सुरू केलं आणि तेवढ्यात आईने हाक मारली म्हणून मी उठले." अक्कांनी मला हे सांगितलं तेव्हा त्या चिडलेल्या नव्हत्या, विचारात पडल्या होत्या. "आईने हाक मारली म्हणून उठली. म्हणजे माझी हाक कमी पडली गं."

वर्गात त्यांना हा प्रश्न कधी आलाच नव्हता. वर्गात त्या नुसत्या आत आल्या तरी मुली सावरून बसायच्या. मोबाइलवर मात्र एक बोट फिरलं की अक्का गायब. मग त्या धड्याच्या सुरुवातीवर बसल्या. बसल्या म्हणजे अक्षरशः बसल्या. बाकीचा धडा त्या सरळ बोलून टाकायच्या, तो त्यांच्या अंगातच होता. पण पहिल्या चार ओळींसाठी त्यांचे दिवसच्या दिवस जायचे. बाष्पीभवनाचा धडा त्यांनी काढून टाकला आणि नव्याने केला. तो असा सुरू होतो... "नवा माठ आणला की पाणी कसं गारेगार असतं. तोच माठ दोन-तीन उन्हाळे वापरला की पाणी कोमट लागतं. माठ तोच, घर तेच. मग माठ म्हातारा होतो का?" आणि यापुढे काही वेळ त्या काहीच बोलत नाहीत. कॅमेऱ्याकडे बघत नुसत्या थांबतात. तो व्हिडिओ त्यांच्या वर्गाबाहेर गेला. आधी शिरपूरच्या कुणी शिक्षकाने आपल्या मुलांना दाखवला, मग साक्रीकडच्या कुणी, आणि असा तो हिंडत राहिला.

सुरुवात पक्की करण्याआधी त्या ती कुणावर तरी करून बघायच्या. दूधवाला, भाजीवाली, वंदनाताई, आणि बहुतेक वेळा मी. सकाळी माझी शाळेची घाई, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, आणि फोन उचलला की अक्का काही 'कशी आहेस' वगैरे न म्हणता थेट विचारायच्या, "मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या दाराला हात लागला तर चटका बसतो. शेजारच्या लाकडी दाराला बसत नाही. ऊन दोघांवर सारखंच पडतंय ना?" मी म्हणायचे, "हो की... का बरं?" पलीकडून समाधानाचा एक हुंकार यायचा आणि फोन बंद. माझं 'का बरं' आलं की त्यांचं काम झालेलं असायचं. एखादे दिवशी मी नुसतंच "छान आहे अक्का" म्हणाले, तर त्या पडेल आवाजात म्हणायच्या, "छान आहे म्हणजे नाही जमलं," आणि ती सुरुवात पुसून टाकायच्या.

मी मराठी शिकवते. मला वाटायचं, शब्दांचं काम आहे तर ते आपल्यालाही येईल. एकदा त्या म्हणाल्या, "लिही बघू चुंबकावर." मी मन लावून लिहिलं. निसर्गाच्या अथांग लीलेत एक अदृश्य शक्ती अनादी काळापासून कशी वावरते आहे, वगैरे. चांगला परिच्छेदभर मजकूर पाठवला. अक्कांचं उत्तर दोन शब्दांचं आलं... "कोण वारलं?" मी इतकी हसले की शिक्षकखोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवावं लागलं. पण त्या स्वतः हसत नसायच्या. या बाबतीत त्या कुणाला सवलत द्यायच्या नाहीत. एका ऑनलाइन क्लासवाल्यांचा तरुण माणूस त्यांना भेटायला धुळ्यात आला होता. मी तेव्हा तिथेच होते. तो आदबीने बोलत होता. म्हणाला, "मॅडम, तुमचा कंटेंट भारी आहे, फक्त सुरुवातीला हुक पाहिजे. 'हे गुपित तुम्हाला कुणीच सांगणार नाही' असं काहीतरी." अक्कांनी त्याला चहा दिला, सोबत चिवडा दिला, आणि म्हणाल्या, "हुक म्हणजे गळच ना रे बाळा? गळाला मासा लागतो. पुढे त्या माशाचं काय होतं?" तो बिचारा चिवडा खाऊन गेला.

अक्कांचा आवाज बसायला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी दोष शाळेवर ढकलला. इतकी वर्षं खडूची धूळ, इतकी वर्षं मोठ्याने बोलणं, बसणारच घसा. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला. पोरांनी मात्र कमेंटमध्ये काळजी करायला सुरुवात केली होती. शेवटी नाशिकला दाखवलं. डॉक्टर यांना बाहेर घेऊन बोलायला लागले तर अक्का मागून आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घशाबद्दल माझ्यासमोर बोला." गाठ स्वरयंत्रावर होती आणि ते काढावं लागणार होतं.

ऑपरेशनच्या आधीचे काही दिवस आम्ही धुळ्यातच राहिलो. यांना एकच ध्यास लागला होता. अक्कांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. काहीही बोल म्हणायचे, गावाकडच्या गोष्टी सांग, माझं लहानपण सांग, नुसती नावं घे. "अक्का, तुना आवाज घरमा राहाले पाहिजे ना." अक्का ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या कामाला लागायच्या. एकदा हे रडवेले झाले तेव्हा मात्र त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, मना आवाज बठ्ठा पोरेसकडे गया. आते काय भरी ठेवस तू?" आवाज सगळा पोरांकडे गेला, आता तू काय भरून ठेवणार... असं म्हणून त्यांनी मला हाक मारली आणि पिठाच्या डब्यावर मोबाइल ठेवायला लावला. त्यांना ध्वनीचा धडा करायचा होता.

मी समोर बसले होते. आवाज पार चिरकला होता, मध्ये मध्ये नुसती हवाच यायची. पण सुरुवात त्यांनी नेहमीच्या खोडकर नजरेने केली. "तुमचा आवाज मोबाइलमध्ये भरा आणि ऐका. शी! हा माझा आवाज? असं वाटतं की नाही? आणि बाकीचे सगळे म्हणतात, अगं तुझाच आहे. मग खोटं कोण बोलतंय, मोबाइल की तुमचे कान?" पुढे त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्याचा आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो. स्वतःचा आवाज हवेतून येतो, शिवाय आपल्याच कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आपल्याला जास्त भरीव वाटतो. मोबाइलला बिचाऱ्याला हाडांतला तो आवाज मिळत नाही. धडा संपला. मी मोबाइल बंद केला. अक्का तशाच बसून राहिल्या. मग अगदी सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "बघ ना माधुरी... माझा मला ऐकू येतो तो आवाज मी सोडून कुणी ऐकलेलाच नाही. तो कुणाला भरून ठेवताच येत नाही." त्यांनी घसा खाकरला, डबा जागेवर ठेवला आणि परातीत पीठ घेऊन मळायला लागल्या. त्यांच्या आवाजातला तो शेवटचा व्हिडिओ. यांनी तो आजवर ऐकलेला नाही.

ऑपरेशननंतर गळ्यापाशी श्वासासाठी एक छिद्र राहिलं, त्यावर त्या पातळ सुती रुमाल बांधायच्या. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही दिलं होतं. त्यातून शब्द उमटायचे, पण सगळे एका सुरात, घरघर केल्यासारखे. दूधवाल्याशी, भाजीवालीशी त्या ते यंत्र लावून बोलायच्या. पोरांसाठी मात्र नाही म्हणजे नाही. कुणाला बोलवायचं झालं तर टाळी वाजवायच्या. बाकी सगळं मोबाइलवर टाइप करून. कितीतरी महिने एकही नवा धडा आला नाही. धुळ्याला गेलं की त्या आमच्याकडे बघून हसायच्या, जेवायला वाढायच्या, पण त्यांच्या नजरेत काही शोधणं चालू नसायचं. त्या घरात आधी कधी नव्हती अशी शांतता होती. वंदनाताई म्हणाल्या, "अक्का आता भाजीवालीला काही विचारत नाहीत हो." त्या वाक्याने आम्हाला रिपोर्टपेक्षा जास्त भीती वाटली.

आणि मग एका सकाळी मला त्यांचा संदेश आला. कागद जळताना ज्योत नेहमी वरच का जाते, याबद्दलच्या चार ओळी होत्या आणि खाली लिहिलं होतं, "हे बोलून पाठव." मी शाळेत अभिवाचन करते, बक्षिसं मिळवलेली आहेत, मी छान आरोह-अवरोह देऊन वाचलं. उत्तर आलं, "भाषण नको. बोल." परत पाठवलं. "अजून भाषणच." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... शेवटी त्या रविवारी मी धुळ्याला गेले. अक्कांनी मला समोर बसवलं आणि लिहून दाखवलं, "तू कुणाशी बोलतेस?" मी म्हटलं, "मुलांशी." त्यांनी मान हलवली. मोबाइलवर एक आवाजी संदेश लावला. एका मुलीचा होता तो. पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराकडच्या एका पाड्यावर राहणारी, कविता नावाची. तिच्याकडे मोबाइल नव्हता. तिचे शिक्षक गावित सर वर्गात अक्कांचे धडे दाखवायचे आणि मुलांचे प्रश्न आपल्या मोबाइलवरून पाठवायचे. कविता विचारत होती, "अक्का, आमना घर जंगलमातल्या लाकडेसवर चूल पेटस. वलं लाकूड तडतड का वाजस?" बस, एवढंच. पण ते विचारताना तिचा श्वास भरून आला होता, धावत येऊन विचारावं तसा. अक्कांनी लिहिलं, "हिच्याशी बोल. एकटीशी." मी त्या मुलीला डोळ्यांसमोर आणलं आणि बोलले. अक्कांनी डोळे मिटून ऐकलं. डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. त्यांनी हळूच टाळी वाजवली, एकदाच.

अशी आमची जोडी झाली. सुरुवात मी बोलायची, पुढचा धडा गावित सर बोलायचे, तेही अक्कांनी सांगितल्याबरहुकूम. पहिला असा व्हिडिओ गेला आणि दोन दिवसांनी कविताचा संदेश आला. "अक्का, तुमना आवाज बदली गया. सर्दी जयी का? काढा पी ल्या." आम्ही दोघींनी तो एकत्र ऐकला. अक्का हसल्या, आवाज न येता नुसते खांदे हलत होते, आणि मग बराच वेळ त्यांनी चेहरा पदरात धरून ठेवला. मला वाटलं, लहान पोरं आहेत, हो म्हणून टाकावं, सर्दीच समजू दे. तसं मी म्हणालेसुद्धा. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. त्यांनी स्वतः उत्तर लिहिलं. "माझा घसा डॉक्टरांनी काढला. आता मला बोलता येत नाही. आवाज माझ्या भावजयीचा आहे. प्रश्न माझा आहे." आणि खाली एक ओळ अशी की, माणूस घशाने बोलतो म्हणजे नेमकं काय करतो, ते पुढच्या धड्यात बघू. त्या पोरांनी तो धडा कितीदा बघितला असेल कोण जाणे.

अक्कांना मी शेवटचं बघितलं ते त्यांच्या गॅलरीत. थंडी पडली होती. बाजारात भरताची वांगी आली होती, मी जळगावहून घेऊन गेले होते. त्यांना गिळायला जड जायचं, तरी दोन घास खाल्ले आणि बोटांनी 'मस्त' अशी खूण केली. निघाले, जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा वरून टाळी ऐकू आली. वळून बघितलं. अक्का कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याभोवती हात फिरवला. मला आधी कळलंच नाही. त्यांनी परत तेच केलं, जरा रागावून. गळ्याला काहीतरी गुंडाळ, गारठा आहे. मी पदर गळ्याभोवती घेतला तेव्हा त्या आत गेल्या.

तेरावं झाल्यावर धुळ्याचं घर आवरून आम्ही जळगावला परत आलो. हे म्हणाले, "ते चॅनल बंद करून टाक आता. अक्काचं होतं, अक्काबरोबर गेलं." मी वाद घातला नाही. मलाही तेच बरोबर वाटत होतं. मला प्रश्न सुचत नाहीत, मला फक्त ते बोलता येतात. तेवढ्यात गावित सरांचा फोन आला. शाळेत अक्कांसाठी छोटा कार्यक्रम ठेवलाय, मुलं वाट बघताहेत, तुम्ही दोघं या. हे आधी नको म्हणाले, मग निघायच्या दिवशी सकाळी स्वतःच तयार होऊन बसले.

साक्री, पिंपळनेर, आणि तिथून पुढे गावित सर न्यायला आले. एका मोठ्या खोलीत मुलं जमिनीवर बसली होती. भिंतीवर टीव्ही. अक्कांचा फोटो त्यांनी व्हिडिओतूनच काढून मोठा करून लावला होता, त्यामुळे तो जरा धूसर होता, पण मान किंचित कलती आणि नजर समोरच्यावर... अगदी अक्का. हे मागे दारापाशी उभे राहिले. सरांनी मला बोलायला सांगितलं. मी घरून चांगलं लिहून आणलं होतं. उभी राहिले आणि म्हणाले, "आज आपण सगळे इथे..." आणि वर्गात एकदम खळबळ झाली. पुढच्या रांगेतलं एक लहान पोर उठून उभंच राहिलं. "अक्का उनी!" अक्का आल्या, असं ते सगळ्यांना सांगत होतं. मोठ्या मुलांना माहीत होतं, ती त्याला खाली ओढत होती, पण त्यांच्याही चेहऱ्यावर तेच होतं. त्यांनी मला कधीच पाहिलेलं नव्हतं. माझा आवाज म्हणजे त्यांच्यासाठी अक्काच होत्या. मी वाक्य अर्धंच सोडलं. डोळे पुसत तशीच उभी राहिले. तेव्हा मधल्या रांगेतून एक उंच, सडपातळ मुलगी म्हणाली, "बाई, रडू नका ना. सवाल ईचारा." आवाजावरून मी ओळखलं, ही कविता.

लिहून आणलेलं मी बाजूला ठेवलं. काय विचारावं काही सुचत नव्हतं. त्या लहान पोराकडे बघितलं, ते अजून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होतं. मी म्हटलं, "तू मला कधी बघितलं नव्हतंस. तरी डोळे मिटून ओळखशील. मी आता कविताला तोंड न बघता ओळखलं. एवढी माणसं आहेत जगात, सगळ्यांचा घसा तर सारखाच... मग प्रत्येकाचा आवाज वेगळा का?" मग सगळी एकदम बोलायला लागली. जिभेमुळे, दातांमुळे, उंचीमुळे, बाप मोठ्याने बोलतो म्हणून. दोघी बहिणी एकमेकींना "बोल, बोल" म्हणत हसायला लागल्या. गावित सर थोपवत होते, पण त्यांनाही थोपवायचं नव्हतं. मी मागे बघितलं. हे दारातून आत आले होते आणि खाली मुलांमध्ये बसले होते.

परतीला आम्ही एस.टी.त बसलो. साक्री मागे पडल्यावर हे म्हणाले, "पण खरंच, का गं वेगळा असतो प्रत्येकाचा आवाज?"

"नीटसं नाही माहीत," मी म्हटलं. "थांबा, अक्कांना विचा..."

पर्समधून मोबाइल बाहेर काढला होता. त्यांचं नाव उघडलंही होतं. यांनी ते बघितलं. मी मोबाइल तसाच हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं होती, पऱ्हाट्या उभ्या होत्या.

कुसुंब्याला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. गाडी सुटल्यावर हे खालच्या आवाजात म्हणाले, "लिहून ठेव कुठेतरी. चांगला प्रश्न आहे, विसरशील. त्या पोरांना उत्तर द्यावं लागेल ना."

इतके दिवस प्रश्न यायचा तो एकाच ठिकाणी. लिहायची दुसरी जागा मला माहीत नव्हती. मी अक्कांच्या नावाखाली तो टाइप केला, एकदा वाचला, त्यातले दोन शब्द कमी केले, आणि पाठवला.